नव्या गाडीचा रंग: घरी जपावा की शोरूमला पैसे द्यावेत?

गाडीचा ताबा घेताना शोरूममध्ये ‘पेंट प्रोटेक्शन’चे पॅकेज आवर्जून सुचवले जाते, ते घेणे बंधनकारक नसते, आणि त्यात केवळ सीलंट (रंगावर लावायचा पातळ संरक्षक लेप) असेल, तर तेच काम सावलीत, बॉनेट हाताला गार लागत असताना, आपल्यालाही नीट करता येते.

कोरड्या फडक्याने धूळ पुसणे मात्र पहिल्याच दिवसापासून टाळावे, कारण वरचा पारदर्शक क्लिअर कोट साधारण 40 ते 50 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) इतकाच जाड असतो आणि उन्हात चमकणारे, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे त्यावरच उमटतात. एका बादलीत कार शाम्पू आणि दुसरीत हातमोजा खळबळण्यासाठी साधे पाणी घेऊन छतापासून खाली धुवावे, बोअरचे पाणी असल्यास ते वाळण्याआधी मायक्रोफायबरच्या मऊ फडक्याने टिपावे, आणि मग सीलंटचा पातळ थर लावून तो धुरकट झाल्यावर पुसून काढावा. दर तीन-चार महिन्यांनी हे पुन्हा करावे.

पक्ष्यांची विष्ठा आम्लयुक्त असते. ती घासू नये, ओले फडके ठेवून मऊ झाल्यावर अलगद उचलावी.

सिरॅमिक कोटिंग, म्हणजे सीलंटपेक्षा टिकाऊ असा कडक थर, हवेच असेल, तर त्याआधी मशीनने पॉलिश करण्याचे कसब लागते. तिथे जाणकार डिटेलरला, म्हणजे गाडीची बारकाईने सफाई-पॉलिश करणाऱ्या कारागिराला, पैसे द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.