नागपूरच्या उन्हाळ्यात कमी खर्चात घर थंड कसे ठेवावे

नागपुरात 23 मे 2013 रोजी पारा 47.9 अंशांवर गेला होता, आणि 44-45 अंशांचे दिवस तर येथे बहुतेक वर्षी मे महिन्यात येतात. अशा वेळी बहुतेक जण आधी दुकानात जाऊन मोठा कूलर किंवा एसी पाहतात. मात्र पैसे मोजके असतील तर सुरुवात छतापासून करावी. नवतपा (मेअखेरचे सर्वांत तापते नऊ दिवस) लागतो त्याच सुमारास, म्हणजे 26 मेच्या आसपास, नागपुरात शून्य सावली दिवस येतो आणि भरदुपारी सूर्य नेमका डोक्यावर असतो. त्या दिवसांत दक्षिणेकडच्या भिंतीवर ऊन जवळजवळ येतच नाही. सगळा मारा छतावर आणि दुपार कलल्यावर पश्चिमेच्या भिंतीवर होतो, म्हणून खर्चही याच क्रमाने करावा.

सर्वांत आधी छत पांढरे करावे. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री तीच उष्णता खोलीत सोडतो. पंख्याखाली झोपूनही वरून झळ लागते ती यामुळेच. होळीच्या आधी गच्ची झाडून, धुऊन पूर्ण वाळू द्यावी आणि भेगा सिमेंटने बुजवाव्यात. चुनकळी, म्हणजे न विरवलेला चुना, आदल्या दिवशी पाण्यात विरवावी. तिच्यात पाणी पडताच मिश्रण उकळू लागते, त्यामुळे लोखंडी किंवा जाड भांडे घ्यावे आणि डोळे व हात जपावेत. निवलेला चुना गाळून त्यात थोडा फेविकॉलसारखा चिकट पदार्थ मिसळावा आणि ऊन उतरल्यावर पातळ हात द्यावा. तो वाळला की दुसरा हात आडव्या दिशेने द्यावा. चुन्याची सफेदी पावसात बरीचशी धुऊन जाते, हे गृहीतच धरावे. बाजारातले उष्णता परावर्तित करणारे रंग महाग असतात, पण काही वर्षे टिकतात; भाड्याच्या घरात चुना परवडतो, स्वतःच्या घरात रंगाचा विचार करावा. कोणताही थर दिला तरी धुळीने तो मळतो आणि मळला की ऊन परतवणे कमी होते, म्हणून अधूनमधून गच्ची झाडणे आलेच.

घर टिनाचे असेल तर रंग वरच्या बाजूने द्यावाच, शिवाय टिनाखाली वीतभर पोकळी ठेवून बांबूच्या तट्ट्यांचे छत बांधावे आणि त्या पोकळीतली तापलेली हवा बाहेर जाईल अशी फट दोन्ही टोकांना सोडावी. टिनाची एक जमेची बाजू अशी की सूर्य मावळल्यावर ते स्लॅबपेक्षा फार लवकर निवते.

संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपडण्याची आपल्याकडची रीत शास्त्राला धरून आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना साधारण 2,400 किलोज्यूल, म्हणजे सुमारे दोन तृतीयांश युनिट विजेइतकी, उष्णता शोषली जाते. परंतु ही उष्णता वाफ होणारे पाणी नेते, वाहून जाणारे नव्हे. तेव्हा नळीने गच्ची भिजवून पाणी पन्हाळीतून सोडण्यापेक्षा झारीने पातळ शिंपण करावे. पाण्याची टंचाई असेल तेथे हा उपाय सोडून द्यावा, चुना पुरेसा आहे.

त्यानंतर पश्चिमेच्या खिडक्यांकडे वळावे. आतला पडदा कितीही जाड असला तरी ऊन काच ओलांडून आत आलेले असते, त्यामुळे अडथळा बाहेरच्या बाजूने हवा. हिरवी जाळी किंवा तट्ट्या खिडकीपासून थोड्या अंतरावर बांधाव्यात. सकाळी आठ-नऊच्या सुमारास, बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम होऊ लागली की दारे-खिडक्या बंद कराव्यात आणि रात्री बाहेर निवल्यावर समोरासमोरच्या उघडाव्यात. दिवसभर हवा खेळती ठेवण्याचा सल्ला किनारपट्टीसाठी ठीक असला तरी नागपूरच्या मे महिन्यात त्याने घरात झळाच येतात.

एवढे केल्यावर कूलर लावावा. दीड टनाचा एसी चालताना साधारण दीड हजार वॅट वीज घेतो, तर घरगुती कूलर दीडशे ते अडीचशे वॅटमध्ये भागतो. हवा 44 अंशांची आणि आर्द्रता 15 टक्के असेल, तर चांगल्या स्थितीतला कूलर 27-28 अंशांची हवा देऊ शकतो. मात्र तो खोलीत ठेवून उपयोग नाही. त्याची पाठ बाहेर, शक्यतो उत्तर किंवा पूर्व बाजूला, सावलीत असावी, म्हणजे त्याला कोरडी हवा मिळते. आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट दिली नाही, तर दमट हवा कोंडून चिकचिक वाढते, आणि कूलर थंड करत नाही अशा बऱ्याच तक्रारींचे मूळ एवढेच असते. समोरची खिडकी थोडी उघडून तेथे कागदाची पट्टी धरावी. पट्टी बाहेरच्या दिशेने फडफडली तर वाट पुरेशी आहे. वाळा किंवा गवत हंगामाच्या सुरुवातीला बदलावे, कारण क्षार साचून कडक झालेल्या गवतातून पाणी एकाच बाजूने ओघळते आणि उरलेले गवत कोरडे राहते.

लोखंडी कूलरच्या बाबतीत हयगय अजिबात करू नये. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे, शक्य असल्यास 30 मिलिअँपिअरचे आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे उपकरण) बसवावे, आणि पाणी भरताना केवळ बटण बंद न करता प्लग काढावा. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळून टाकी रिकामी करावी व कडा घासाव्यात. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासांची अंडी टाकीच्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने तग धरतात, त्यामुळे नुसते पाणी ओतून देणे पुरत नाही.

जूनच्या मध्यावर पाऊस आला की कूलरचा पंप बंद करून फक्त पंखा चालवावा, कारण 32 अंश आणि 80 टक्के आर्द्रतेत पाणी फिरवून दोन-तीन अंशांपलीकडे फरक पडत नाही. उघडीप मिळेल त्या दिवशी टाकी व गवत वाळवून कूलर झाकून ठेवावा.