फॅट बाइकची चाकं घरच्या घरी ट्यूबलेस कशी करावीत

वेडी बाभूळ टायरची रुंदी बघत नाही. फॅट बाइकचा टायर चार इंच रुंद असला, तरी खाचांच्या तळाशी त्याचं रबर जेमतेम काही मिलिमीटरच असतं. सोलापूर-नगरकडच्या बांधांवरून, माळावरून सायकल चालवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. शिवाय फॅट बाइकची खरी मजा कमी हवेत असते. हवा आठ-दहा पीएसआयवर (हवेच्या दाबाचं माप) आणली की टायर दगडावर दबतो आणि ट्यूब रिमच्या कडेत चिमटून फुटते. ट्यूबच नसली तर चिमटणार काय? आणि काटा शिरला तर आत ओतलेलं सीलंट, म्हणजे गळतीच्या जागी घट्ट होणारं द्रव, तिथेच भोक बुजवतं.

तुम्ही फक्त शहरातल्या डांबरी रस्त्यावर, भरपूर हवा भरून फिरत असाल, तर मात्र या खटाटोपात पडू नका. ट्यूब ठीक आहे. काटे, खडक किंवा वाळू तुमच्या वाटेत नेहमीची असेल, तर हे काम एकदा जरूर करा.

आधी आपलं चाक ओळखा

रिमवर आणि टायरवर, दोन्हीकडे ‘ट्यूबलेस रेडी’ असं छापलेलं असेल, तर काम सोपं आहे: रुंद टेप, ट्यूबलेस व्हॉल्व, सीलंट, झालं. पण आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक परवडणाऱ्या फॅट बाइकची रिम तशी नसते. ती एकाच पत्र्याची असते. वजन कमी करायला तिच्यात मोठाल्या खिडक्या कापलेल्या असतात आणि आतली रंगीत पट्टी त्यातून दिसते. व्हॉल्वचं भोकही 8.5 मिमीचं, मोटरसायकलसारख्या जाड श्रेडर व्हॉल्वसाठी पाडलेलं असतं. बारीक प्रेस्टा व्हॉल्व त्यात डुगडुगतो.

अशा रिमला माझ्या मते सगळ्यात भरवशाची पद्धत म्हणजे चिरलेल्या ट्यूबची. लहान सायकलची ट्यूब रिमवर ताणून बसवायची, बाहेरच्या अंगाने उभी चिरायची आणि तिचे दोन पदर टायरची कड (रिममध्ये अडकणारा काठ) व रिम यांच्यामध्ये दाबून टाकायचे. टेप, व्हॉल्व आणि गॅस्केट (फट बंद करणारं रबर), तिन्ही कामं ती एकटी करते. यात वजन फारसं वाचत नाही, पण हवा टिकते, आणि आपल्याला तीच हवी आहे.

सामान

दोन ट्यूब, 20 किंवा 24 इंची, श्रेडर व्हॉल्वच्या. व्हॉल्वला बाहेरून आटे आणि नट असलेली ट्यूब मिळाली तर उत्तम. रुंदी तपासायची एक साधी रीत आहे. ट्यूब हवा काढून सपाट पसरा, रुंदी मोजा आणि दुप्पट करा. हा आकडा रिमच्या रुंदीपेक्षा किमान पाच-सहा सेंटिमीटर जास्त हवा, कारण ताणल्यावर ट्यूब अरुंद होते. 80 मिमीच्या रिमला सपाट सात सेंटिमीटर भरणारी ट्यूब चालते. कमी पडत असेल तर 24 इंचीतली जास्त रुंद ट्यूब शोधा.

त्याशिवाय दर चाकाला सुमारे 150 मिली सीलंट, व्हॉल्वची पिन काढायची चावी, मोठी सिरिंज, साबणाचं पाणी, ब्रश, कात्री, नवं ब्लेड, प्लास्टिकचे टायर लिव्हर. आणि कॉम्प्रेसर. फॅट टायरमध्ये जागा एवढी असते की हातपंपाने कड बसेपर्यंत हवा बाजूनेच निघून जाते.

रिमची तयारी

टायर, ट्यूब आणि पट्टी काढून रिम साबणाने धुवा, वाळवा. टायरची कड जिथे टेकते त्या जागेवरून बोट फिरवा. खरखर लागली किंवा जोडाजवळ पत्रा वर आलेला असेल, तर बारीक पॉलिश पेपरने घासा. पट्टी चिरलेली नसेल तर तीच परत बसवा, पण ती हवीच. खिडक्यांच्या जागी हवेचा सगळा दाब तीच पेलते; नुसतं रबर तिथून फुगा होऊन बाहेर येईल.

आता टायर नुसता चढवून बघा. हे सगळ्यात महत्त्वाचं पाऊल आहे. लोक सीलंटच्या ब्रँडवर वाद घालतात, पण हवा टिकते ती कड घट्ट बसल्यामुळे. टायर हाताने सहज सरकत असेल, तर पट्टीवर पातळ, बंद छिद्रांच्या फोमचा एक थर गुंडाळा आणि त्यावर टेप लावा. फर्निचरच्या पॅकिंगमध्ये येतो तसा फोम चालतो. रिमचा तळ थोडा वर उचलला गेला की कड ताठ बसते. टायर चढवताना अंगठ्यांना जोर लागला पाहिजे, इतपत भर द्या.

नवा, घडी घातलेला टायर असेल तर आधी जुनी ट्यूब घालून एक रात्र फुगवून ठेवा. घड्या मोडतात.

ट्यूब ताणणे आणि चिरणे

लहान ट्यूबचा व्हॉल्व भोकात घाला, नट हलकेच लावा आणि ट्यूब दोन्ही बाजूंनी सारखी ओढत रिमवर चढवा. थोडी हवा भरली की ती आपोआप मधोमध येते. पीळ पडलेला नाही ना, हे बघा. मग हवा पूर्ण सोडा. ट्यूबच्या बाहेरच्या अंगाला साच्याची एक बारीक रेघ असते, तिच्यावरून कात्री चालवा. पदर दोन्हीकडे उलगडून रिमच्या कडेबाहेर लोंबू द्या. आत पांढरी पावडर असते; ती ओल्या फडक्याने दोनदा पुसा. ती राहिली तर सीलंट रबराला धरत नाही.

आता टायर चढवा. पदर कुठेही आत दुमडलेला नसावा. व्हॉल्वपाशी कडा बोटांनी वर उचलून व्हॉल्वच्या दोन्ही बाजूंना बसवा. सगळ्यात जास्त गळती तिथेच होते.

हवा मारणे

कडेला दोन्हीकडून साबणाचं पाणी भरपूर लावा. व्हॉल्वची पिन काढा आणि कॉम्प्रेसरची ब्लो गन लावून एकदम हवा आत मारा. पेट्रोल पंपावरची डिजिटल यंत्रं रिकाम्या टायरला बऱ्याचदा हवाच सोडत नाहीत, म्हणून पंक्चरवाल्याकडचा साधा कॉम्प्रेसर बरा. आधी फसफस होईल, मग टायर फुगेल आणि ‘पट्, पट्’ असे आवाज येतील. ती कड जागेवर बसल्याची खूण.

इथे घाई नको. फॅट टायरला आणि एका पत्र्याच्या रिमला जास्त दाब झेपत नाही. टायरवर आणि रिमवर छापलेली मर्यादा आधी वाचा, दोन्हींत कमी असेल ती पाळा. पंक्चरवाल्याला मोटरसायकलच्या अंदाजाने हवा मारू देऊ नका. डोळ्यांवर चष्मा असू द्या, चेहरा चाकापासून लांब ठेवा.

कड सगळीकडे सारखी बसली की हवा बाहेर जाऊ द्या. कड जागेवरून हलू देऊ नका. व्हॉल्व घड्याळातल्या चारच्या जागी आणा आणि सिरिंजने सीलंट आत घाला. बाटली आधी खूप हलवा, कारण भोक बुजवणारे कण तळाशी बसतात. पिन लावून पुन्हा हवा भरा. चाक गोल फिरवा, मग बादलीवर आडवं ठेवा, दर बाजूला पंधरा-वीस मिनिटं. बुडबुडे येतात तिकडे चाक कलतं धरा. शक्य असेल तर लगेच एक फेरी मारून या. सीलंट आतून सगळीकडे पसरतं. रात्रीतून थोडी हवा गेली तरी पहिले दोन दिवस काळजी करू नका.

बाहेर लोंबणारे पदर दोन दिवसांनी, हवा टिकते याची खात्री झाल्यावर कापा. ब्लेडची धार रिमकडे ठेवा, टायरच्या बाजूला नको, आणि दोन-तीन मिलिमीटर राहू द्या.

चालवताना

मुरुड-आंजर्ल्याच्या पुळणीवर पाच-सहा पीएसआय, डोंगरवाटेवर आठ-दहा, डांबरावर पंधराच्या पुढे. वजनाप्रमाणे एक-दोन इकडे-तिकडे. साधा गेज इतक्या कमी दाबाला खोटं बोलतो, म्हणून कमी दाबाचा गेज घ्याच. खूप कमी हवेत जोरात वळलात तर कड क्षणभर सुटून हवा भसकन निघते आणि त्या फटीत वाळू शिरते. पुळणीवरून आल्यावर कड गोड्या पाण्याने धुवा.

आपल्या उन्हाळ्यात सीलंट लवकर वाळतं. दर दोन महिन्यांनी पिन काढून आत बघा, गरजेपुरतं घाला. पिनेवर रबर जमलं असेल तर सोलून काढा.

लांबच्या फेरीला एक फॅट ट्यूब बरोबर हवीच. टायर मोठा फाटला तर चिरलेली ट्यूब पूर्ण काढून ती घालावी लागेल. पण घालण्याआधी टायर आतून जाड फडक्याने, सावकाश, पूर्ण गोल पुसून घ्या. इतके दिवस सीलंटने निमूटपणे झाकलेले बाभळीचे काटे तिथे टोकं वर करून बसलेले असतात. एकेक पकडीने उपटल्याशिवाय नवी ट्यूब आत घालू नका.