कार्बोरेटर खोलण्याआधी टाकीचं झाकण उघडून बघा

माझी २००३ ची स्प्लेंडर दर पावसाळ्यात एकदा तरी रुसते. मागच्या श्रावणात त्र्यंबकहून येताना अंजनेरीच्या पुढे बंद पडली. दहा मिनिटं उभी केली, किक मारली, चालू. दोन किलोमीटर गेली की पुन्हा तेच. नाशिकच्या सातपूरला एका गॅरेजवाल्याने टाकीकडे बघितलंसुद्धा नाही. "कार्बोरेटर गेलाय," म्हणाला. म्हणजे इंजिनला पेट्रोल आणि हवा मिसळून देणारा भाग. मग त्यातली हवा कमी-जास्त करणारा एअर स्क्रू पिळला आणि दीडशे रुपये घेतले. गाडी जेमतेम एबीबी सर्कलपर्यंत आली.

तिथे पेट्रोल किती उरलंय बघायला झाकण उघडलं, तर फुस्स! टाकीने हवा ओढली. झाकणाला बारीक भोक असतं. पेट्रोल खाली जाईल तशी त्यातून हवा आत यायला हवी. ते चिखलाने बुजलं होतं. हवा नाही म्हणून पेट्रोल उतरत नाही, आणि थोडा वेळ उभी केली की कुठून तरी हवा शिरून दोन किलोमीटरपुरतं उतरतं. झाकण धुतलं, भोक फुंकून मोकळं केलं. कार्बोरेटर ठणठणीत होता.

तेव्हापासून माझा क्रम ठरलाय. आधी झाकण. मग कॉकची, म्हणजे टाकीखालच्या पेट्रोलच्या नळाची, नळी काढून बाटलीत धरायची आणि कॉक उघडायचा. धार सलग पडली तर पुढे जा, थेंब थेंब पडलं तर कॉकची जाळी साफ करा. मग प्लग. कॉफीच्या रंगाचा असेल तर मिश्रण बरोबर, काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त किंवा एअर फिल्टर तुंबलेला, पांढरा पडला असेल तर पेट्रोल कमी किंवा कुठून तरी फालतू हवा ओढली जातेय.

आता कार्बोरेटरच्या खालच्या वाटीचा (यात पेट्रोल साठतं) ड्रेन स्क्रू सैल करून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या आणि उजेडात धरा. तळाशी वेगळे गोळे लोळताना दिसले तर ते पाणी. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते पाणी धरून ठेवतं आणि फार झालं की खाली सोडतं. महिनाभर उभ्या असलेल्या गाडीत हे सापडू शकतं. अशा वेळी वाटी रिकामी करून भागत नाही, टाकीसुद्धा काढून ओतावी लागते.

ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल गळत असेल तर वाटीत येणारं पेट्रोल अडवणाऱ्या सुईखाली कचरा अडकलाय. वाटीवर पेचकसाच्या मुठीने दोन-चार हलक्या टपल्या मारा, पुष्कळदा तेवढ्यानेच बसतं. नाही बसलं तर फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगून ती सुई दाबणारा डबा, काढून कानाशी हलवा. आत खळखळ वाजलं तर फ्लोट फुटलाय, तो बदलायचा.

चोक ओढल्याशिवाय गाडी चालू राहत नसेल, किंवा सिग्नलला बंद पडते पण रेस दिली की पळते, तर स्लो जेट, म्हणजे कमी रेसला पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची नळी, तुंबलाय. मगच कार्बोरेटर खोला. कॉक बंद, आसपास विडी-सिगारेट किंवा दिवा नको, आणि सगळं परातीत. मी आईची जुनी परात वापरतो, फरशीवर पडलेला जेट शोधण्यात माझी एक अख्खी रविवार सकाळ गेलीय. जेट पितळेचा असतो, पेचकस खाचेत घट्ट बसणाराच घ्या, नाहीतर खाच गेली. क्लीनर स्प्रे मारा, फुंका, आणि उजेडाकडे धरून बघा. गोल ठिपका स्वच्छ दिसायला हवा. सेफ्टी पिन घालू नका. भोक केसभर मोठं झालं की ॲव्हरेज कायमचं गेलं.

वाटीचं रबर पॅकिंग पेट्रोलने फुगतं आणि परत बसवताना खाचेतून बाहेर येतं. लोक लगेच नवीन आणतात. मी ते तासभर सावलीत वाळवतो, आकसलं की बसतं. भेगा असतील तर मात्र नवीनच घ्या.

स्लाइड, म्हणजे रेस दिली की वर सरकणारा तुकडा, बसवताना तिची कापलेली बाजू एअर फिल्टरकडे हवी. चालू करण्याआधी रेस पिळून सोडा, खट असा आवाज यायला हवा. स्लाइड उलटी बसली तर इंजिन एकदम किंचाळतं. एकदा मी केलंय, शेजारच्या काकू गॅलरीत आल्या होत्या.

इंजिन तापल्यावर रेस आपोआप चढून खाली येत नसेल तर कार्बोरेटर आणि इंजिनच्या मधल्या जोडावर साबणाचं पाणी शिंपडा. आवाज बदलला तर तिथला रबरी ओ-रिंग गेलाय.

एअर स्क्रूची पाळी यानंतर, आणि तीही इंजिन गरम असताना. आधी हलक्या हाताने पूर्ण बंद करत फेरे मोजा आणि आकडा लिहून ठेवा. तेवढेच फेरे परत उघडा, मग पाव-पाव फेरा इकडे-तिकडे करत इंजिन सगळ्यात जलद आणि सलग चालेल तिथे थांबा. वाढलेली रेस आयडल स्क्रूने खाली आणा. माझ्या गाडीला दोनच्या आसपास लागतात. त्या दिवशी सातपुरात पिळल्यावर मोजले, तर साडेतीन निघाले.