विहिरीत पोहणाऱ्यांनी वर्कलाला जाताना

आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या, केळीच्या पट्ट्यातल्या रावेर-सावद्याकडची बहुतेक पोरं विहिरीत पोहायला शिकतात. पाठीला डबा बांधायचा, काकानं काठावरून ढकलायचं, चार दिवसांत हातपाय चालायला लागतात. या पोहण्याचा फार अभिमान असतो आपल्याला, आणि त्याच भरवशावर आपली पोरं समुद्रात शिरतात. म्हणून केरळातल्या वर्कलाला सर्फिंग, म्हणजे बोर्ड नावाच्या लांब फळीवर उभं राहून लाटेबरोबर घसरत जाणं, शिकायला निघालेल्या प्रत्येकाला मी आधी सांगतो की विहिरीतलं पोहणं तिथे अर्धंच कामाला येतं. विहिरीचं पाणी जागेवर असतं. तापीला ओढ असते, पण एकाच दिशेची. समुद्र पुढे येतो, पायाखालून मागे जातो आणि एखाद्या पट्ट्यातून सरळ आत ओढतो.

आधी जायचं कधी ते ठरवा. जून ते सप्टेंबर नको. पावसाळ्यात लाटा किनाऱ्यालगतच्या कड्याच्या पायथ्याशी आपटतात, वाळूच उरत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिकडे परतीचा पाऊस असतो, दुपारनंतर गडगडाट. डिसेंबरच्या शेवटी ख्रिसमसची गर्दी, त्यातच ३० डिसेंबर ते १ जानेवारी शिवगिरीची यात्रा. केरळातले संत, समाजसुधारक श्रीनारायण गुरू यांची समाधी तिथेच आहे. मला फेब्रुवारी पटतो. आपल्याकडे केळीच्या बागेला थंडीचा धोका संपलेला असतो, उन्हाचा सुरू व्हायचा असतो, आणि तिकडे लाट लहान नि स्वच्छ असते.

मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस भुसावळ, जळगावहून थेट एर्नाकुलमला जाते, साधारण दीड दिवसाचा प्रवास. आरक्षण ६० दिवस आधी सुटतं, त्याच दिवशी काढा. एर्नाकुलमहून कोल्लमच्या दिशेची गाडी पकडून वर्कला शिवगिरी स्टेशनला उतरायचं. मुंबईहून जाणार असाल तर नेत्रावती एक्सप्रेस वर्कलाला थांबते. स्टेशनपासून कडा दोन-तीन किलोमीटर, रिक्षा मिळते.

कडा म्हणजे नॉर्थ क्लिफ. जांभ्या दगडाचा आणि वालुकाश्माचा, समुद्राला अगदी लागून उभा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं तो भूवारसा म्हणून नोंदवलाय. आपल्या काळ्या पाषाणाची सवय असलेल्या माणसाला तो भक्कम वाटतो, पण दगड मऊ आहे, कडा ढासळत असतो. फोटोसाठी काठावर जाऊ नका, लेकरांचा हात धरा. हॉटेलं, दुकानं, गाणी सगळं या कड्यावर. मी तिथे राहत नाही. उत्तरेला ओडयम, एडवाकडे घरगुती खोल्या मिळतात, रात्री झोप लागते आणि पहाटे पाण्यावर जाता येतं. पहाटेचं महत्त्व यासाठी की सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, पाणी गुळगुळीत राहतं. दुपारी वारा उलटतो, पाणी खवळतं, शिकणाऱ्याला काही सुधरत नाही.

निघायच्या महिनाभर आधीपासून बोर्डावर झटकन उभं राहायची घरी तयारी करा. अंगणात चटई टाका, पालथे झोपा, तळवे छातीच्या बाजूला टेका आणि एका झटक्यात दोन्ही पाय खाली घेऊन उभे राहा. गुडघा टेकून उठायची सवय लावू नका, ती पाण्यात सुटत नाही. नजर समोर, पायाकडे नाही. कोणता पाय पुढे येतो ते आपोआप कळतं. गुळगुळीत जागेवर उभ्यानं घसरताना जो पुढे जातो, तोच. रोज वीस वेळा केलंत तर तिथला पहिला दिवस वाया जात नाही. शेतात काम करणाऱ्याच्या खांद्यात जोर असतो, तो बोर्डावर पालथं पडून हातांनी वल्हवताना फार उपयोगी पडतो.

सर्फ स्कूल निवडताना तीन गोष्टी विचारा: एका प्रशिक्षकामागे किती जण, त्याला जीवरक्षणाचं प्रशिक्षण आहे का, आणि शिकवायचा बोर्ड मऊ फोमचा आहे का. आठ-नऊ फुटांचा फोमचा बोर्ड घ्या. लहान बोर्ड दिसायला छान, पण नवख्याला तो उचलून धरत नाही. पाण्याला न घाबरणाऱ्या पोरांनी तर आवर्जून प्रशिक्षक घ्यावा.

कपडे लायक्राचे, अंगाबरोबर बसणारे, पूर्ण बाह्यांचे. बाया-मुलींनी लांब लेगिंग आणि पूर्ण बाह्यांचा टॉप घालावा, कुणी वळूनही बघत नाही. सुती पंजाबी ड्रेस पाण्यात जड होतो आणि ओढणी तर नकोच, बोर्डाच्या दोरीत अडकते. ती दोरी मागच्या पायाच्या घोट्याला बांधायची.

पाण्यात कमरेएवढंच जायचं. फुटून आलेल्या पांढऱ्या फेसावर शिकायचं, उभ्या लाटेवर नंतर. बोर्ड कधीही तुमच्या आणि लाटेच्या मध्ये येऊ देऊ नका, लाट तो थेट छातीवर आणते. पडताना आडवं पडा, सूर मारू नका, खाली वाळू हातभरच असते. वर येताना दोन्ही हात डोक्यावर, कारण बोर्ड कुठे आहे ते दिसत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. किनाऱ्यावर उभे राहून दहा मिनिटं नुसतं पाणी बघा. दोन्हीकडे लाटा फुटताहेत आणि मधला एक पट्टा शांत, थोडा गढूळ दिसतोय? आपला माणूस नेमका तिथे उतरतो, कारण विहिरीनं त्याला शांत पाणी चांगलं असं शिकवलंय. किनाऱ्यावर चढलेलं पाणी तिथूनच परत आत जात असतं. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे हात मारू नका, दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहा, ओढ सुटली की तिरके बाहेर या. बोर्ड सोडू नका, तोच तुम्हाला तरंगत ठेवतो. लाल झेंडा असेल तर पाण्यात जायचं नाही, जीवरक्षकाशी वाद घालायचा नाही.

एप्रिल-मेमध्ये जाणार असाल तर ‘कल्लक्कडल’ हा मल्याळी शब्द लक्षात ठेवा. दक्षिण हिंदी महासागरात दूर कुठे वादळ होतं, आणि इथे वारा नसताना, आभाळ निरभ्र असताना समुद्र अचानक वर चढतो. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था त्याचा इशारा देते. सकाळी तो बघूनच बाहेर पडा.

पापनाशम किनाऱ्यावर लोक पितरांचे विधी करतात. वर जनार्दनस्वामींचं मंदिर आहे. विधी चालू असतात त्या बाजूला बोर्ड नेऊ नका, फोटो काढू नका. आपण नाशिकला रामकुंडावर जे जपतो तेच इथेही जपायचं.

जेवण जमतं. तांदळाच्या पिठाचं वाफवलेलं पुट्टू आणि काळ्या हरभऱ्याची कडला करी सकाळी पोटभर खा, पण पाण्यातून आल्यावर, आधी नाही. जिभेला झणका लागत असेल तर शेंगदाण्याची चटणी बरोबर न्या. केळीवाल्यांनी बाजारात नक्की थांबावं: आपल्या जी-नाईन जातीच्या केळीपेक्षा लांब, कोनदार नेंद्रन, आणि लाल सालीची केळी. नेंद्रनचे वेफर्स तिथे खोबरेल तेलात तळतात. ते घरी न्यायचे असतील तर शेवटच्या दिवशी, समोर तळलेले घ्या आणि गरम असताना पिशवी बांधू देऊ नका, नाहीतर जळगाव येईपर्यंत मऊ पडतात.