घर बांधायच्या आधी विहिरीचा तळ बघा

पावसाळ्यात दापोलीच्या किनाऱ्यावर जागा बघायला आलात, डोंगरावरून वहाळ फेसाळत उतरताना पाहिलेत आणि सौदा करून मोकळे झालात. आमचंही असंच झालं होतं. म्हणून सांगते, एप्रिलच्या शेवटी पुन्हा या, वाडीतल्या विहिरीत डोकावा, मग घराचा नकाशा काढा.

इथे येण्याआधी आम्ही १४ वर्षं मस्कतला काढली. तिथे वर्षाला १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि नळाला समुद्राचं गोडं केलेलं पाणी. इथे ३,००० मिलिमीटरच्या वर पडतो, त्यामुळे पाण्याची काळजी मिटली असं धरून चाललो. पण इथला जांभा दगड पाणी धरत नाही. पडलेलं सगळं वहाळातून खाडीला जातं, आणि शिमगा झाला की विहिरी उतरायला लागतात. पहिल्या मे महिन्यात मी विहिरीत कळशी धपकन टाकली, तेव्हा शेजारच्या काकी धावत आल्या. "वयनी, दमानं सोडा, पाणी ढवळतं." तळाशी वीतभर पाणी होतं. काकी कळशी आडवी करून अलगद भरत होत्या, हंड्याच्या तोंडाला धोतराचं दुपदरी फडकं बांधलेलं. नंतर भांडी विसळलेलं पाणी त्यांनी अळवाला घातलं.

आता बोअरचं. ठेकेदार म्हणाला, अजून खाली जाऊ, पाणी भरपूर लागेल. लागलं. आम्ही पंप लावून बाग भिजवत राहिलो आणि तिसऱ्या उन्हाळ्यात पाणी मचूळ झालं. साबणाला फेस येईना, पोफळींची पानं टोकाकडून करपली. माड थोडंफार खारं सोसतो, पोफळ नाही. किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. ढोबळ हिशेब असा, की गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या वर १ मीटर असेल तर खाली ४० मीटरपर्यंत गोडं मिळतं. ती पातळी अर्धा मीटर उतरली की खारं पाणी २० मीटर वर चढू शकतं. समुद्राजवळ खोल बोअर मारूच नका, आणि उथळ विहीर असली तरी थोडं थोडंच उपसा.

त्यापेक्षा छपराकडे बघा. १०० चौरस मीटर कौलांवर पावसाळ्यात ३ लाख लिटर पाणी पडतं. पिण्या-स्वयंपाकाला दिवसाला ६० लिटर धरले तर मार्च ते मे साडेपाच हजार लिटर पुरतात. पागोळ्यांना पन्हळ लावा, पहिल्या दोन-तीन सरी वाहून जाऊ द्या, मग गाळून टाकीत घ्या. टाकी पूर्ण झाकलेली हवी, आत उजेड शिरला की शेवाळ धरतं.

वाडीत पाटाच्या पाण्याची पाळी असेल तर ती मोडू नका, मोटर तर लावूच नका. ओमानमध्ये फलज म्हणजे असेच पाट. त्यातल्या पाचांना २००६ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. तिथे पाळी दिवसा सावलीवर आणि रात्री ताऱ्यांवर मोजत. इथे ती सगळ्यांना तोंडपाठ असते. तुम्हाला कोणी आपणहून सांगणार नाही, विचारून घ्या.

आणि बांधकाम झाल्यावर सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या जाळू नका. दिवाळीनंतर वाडी वहाळावर बंधारा घालायला जमते, तेव्हा त्या माती भरायला लागतात. त्या दिवशी स्वतः जा.