वाळू, मीठ, पाणी: वेगळं करा आणि वजनही करा

मिश्रणं वेगळी करण्याचा पाठ आला की वर्गात वाळू, मीठ आणि पाणी एकत्र होतं, गाळणी येते आणि थोड्या वेळात "झालं, बाई!" होतं. वहीत लिहिलं जातं: वाळू गाळून वेगळी, मीठ आटवून वेगळं. किती मीठ परत आलं, हे कुणी विचारत नाही. मी मात्र हा प्रयोग वजनकाट्याशिवाय करत नाही. ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा पुरतो.

100 ग्रॅम वाळू, 30 ग्रॅम मीठ आणि 150 मिलिलिटर पाणी घ्या. वाळू आदल्या दिवशी पाणी नितळ येईपर्यंत धुऊन वाळवून ठेवायची, नाहीतर तिच्यातली मातीच हिशोब बिघडवते. मीठ मुद्दाम खडेमीठ घ्या. त्यात किंचित माती असतेच, म्हणजे गाळण कागदाला काही काम उरतं. एवढ्या पाण्यात 30 ग्रॅम मीठ आरामात विरघळतं (100 मिलिलिटरमध्ये साधारण 36 ग्रॅम मावतं), पण खडे मोठे असले तर ढवळायला धीर हवा.

ढवळणं थांबवलं की वाळू लगेच तळाला बसते, वरचं पाणी गढूळच राहतं. ते पाणी चंचुपात्राच्या चोचीला काचेची कांडी टेकवून दुसऱ्या पात्रात ओता, म्हणजे बाहेरून ओघळणार नाही. वाळू कागदावर ओतायची नाही, ती आहे तिथेच राहू द्या. इथे कुणीतरी हमखास म्हणतं, "बाई, तुरटी फिरवू या का?" कल्पना चांगली, पण ज्या पाण्यातून मीठ परत हवंय त्यात तुरटी नको. तीही विरघळते आणि शेवटी मिठातच येऊन बसते. तुरटीसाठी गढूळ पाण्याची वेगळी बाटली ठेवा.

आता खरी गंमत वाळूत आहे. पाणी ओतून दिलं तरी 100 ग्रॅम वाळूच्या फटींत समजा 25 मिलिलिटर खारं पाणी अडकून राहिलं, तर जवळजवळ 5 ग्रॅम मीठ तिथेच राहिलं. म्हणून वाळू धुवायची आणि ते धुवण फेकायचं नाही, पहिल्या पाण्यात मिसळायचं. 50 मिलिलिटर स्वच्छ पाणी एकदम घालावं की 25-25 असं दोनदा? मुलांना आधी अंदाज करू द्या. एकदम घातलं तर वाळूत सुमारे 1.7 ग्रॅम मीठ उरतं. दोनदा घातलं तर 5 चं अडीच, अडीचचं सव्वा. कपडे खळबळताना आई एकच बादली भरून न घेता दोनदा थोडं थोडं पाणी का घेते, ते इथे फळ्यावर आकड्यांत दिसतं.

मग गाळणं. गाळण कागदाची अर्धी घडी, पुन्हा अर्धी, आणि उघडून शंकू करा. एका बाजूला तीन पदर, दुसऱ्या बाजूला एक. नरसाळ्यात बसवून थेंबभर पाण्याने चिकटवा. धार तीन पदरांच्या बाजूला सोडा, पाणी कागदाच्या कडेच्या बोटभर खालीच ठेवा. नरसाळ्याचं टोक खालच्या पात्राच्या भिंतीला टेकलेलं असलं की पाणी भराभर उतरतं. कागद नसेल तर जुनं, धुऊन मऊ झालेलं सुती कापड बऱ्याच घड्या घालून वापरा. जुन्या कापडाला कमी लेखू नका: 2003 साली प्रसिद्ध झालेल्या बांगलादेशातल्या एका अभ्यासात जुन्या साडीच्या घड्यांतून पाणी गाळल्यावर पटकीचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं होतं. अर्थात तिथे गाळले जात होते ते रोगजंतू चिकटलेले सूक्ष्म जीव. विरघळलेलं मीठ कागदातूनही जातं नि साडीतूनही.

आटवायला अ‍ॅल्युमिनियमचं भांडं नको, खारट पाणी ते खातं. रिकाम्या चिनी मातीच्या बशांचं वजन करून त्यांत पाणी वाटून घ्या आणि वर जाळी टाकून उन्हात ठेवा. पावसाळा असेल तर उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर बशी ठेवा. वेळ लागतो, पण थेट आचेवर शेवटी मीठ तडतडून उडतं आणि डोळ्यांना धोका असतो. उन्हातल्या बशीत भिंगातून पाहा: कडेकडेने चौकोनी स्फटिक धरलेले दिसतात, काहींच्या मध्ये पायऱ्या उतरत गेल्यासारखा खळगा असतो. घाईने आटवलेल्या मिठात हे दिसत नाही. चाखायचं मात्र नाही, प्रयोगशाळेतलं काहीच चाखायचं नाही.

कोकणातल्या शाळांना समुद्राचं पाणी आटवून पाहायचा मोह होतो. जरूर करा, पण मिठागरात करतात तसं शेवटचं थोडं पाणी सोडून द्या. त्यात मॅग्नेशियमचे कडवट क्षार साठतात आणि मीठ दमट राहतं.

शेवटी बशीचं वजन वजा करा. 28-29 ग्रॅम आलं तर उत्तम. 30 च्या वर आलं तर मीठ अजून ओलं आहे, किंवा गाळताना कागद फाटून वाळूत उरलेली माती खाली उतरली आहे. बशी पुन्हा उन्हात ठेवा. वजन उतरलं तर ओल होती, नाही उतरलं तर कागद तपासा.