बेघर निवाऱ्याचं अनुदान खर्च करताना या चुका टाळा

निवाऱ्यात दूध आलेलं असतं, लोकांनी ते प्यायलेलं असतं, दूधवाल्याचे पैसेही चुकते झालेले असतात. तरीही लेखापरीक्षणात तो खर्च अमान्य होतो आणि संस्थेवर वसुली निघते. खर्च खरा असतो, पण चुकीच्या हेडवर (मंजूर खर्चाच्या चुकीच्या प्रकारात) टाकलेला, मुदतीबाहेर केलेला किंवा कागदावर सिद्ध न होणारा असतो. संस्थेच्या गंगाजळीत फारसं काही नसेल, तर या वसुलीची कात्री शेवटी निवाऱ्यातल्या माणसाच्या नाश्त्याला आणि पांघरुणाच्या धुलाईला लागते. म्हणून ठाणे आणि नवी मुंबईत निवारा चालवणाऱ्या, किंवा चालवायला घेणाऱ्या संस्थांसाठी हे सविस्तर लिहिलं आहे.

मंजुरीपत्र न वाचता खर्चाला सुरुवात

करारनामा सहीसाठी येतो तेव्हा सगळ्यांचं लक्ष एकूण रकमेवर असतं. प्रत्यक्षात चार गोष्टी आधी वहीत उतरवून घ्यायला हव्यात: कोणत्या हेडवर किती रक्कम, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, किती माणसांच्या क्षमतेसाठी, आणि एका हेडची शिल्लक दुसऱ्या हेडला वळवता येते का. वळवता येईल असं लिहिलेलं नसेल, तर लेखी परवानगीशिवाय ती वळवायची नाही. महापालिकेतले साहेब फोनवर "करा हो" म्हणाले, हे ऑडिटमध्ये चालत नाही. त्याच दिवशी पत्र देऊन आवक क्रमांकाची पोच घ्या.

रक्कम किती तोकडी आहे हेही पहिल्याच दिवशी मांडून बघावं. दीनदयाळ अंत्योदय योजना – राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ५० जणांच्या निवाऱ्याच्या देखभाल-व्यवस्थापनाला वर्षाला ६ लाख रुपये धरले होते. म्हणजे महिन्याला ५० हजार, माणशी दिवसाला सुमारे ३३ रुपये. एवढ्यात पगार, वीज, साफसफाई आणि औषधपेटी बसवायची. फरक देणगीतून किंवा सीएसआरमधून (कंपन्यांच्या सामाजिक कामासाठीच्या निधीतून) येणार असेल, तर तो कोणत्या हेडला लावायचा हे एप्रिलमध्येच ठरवा. मार्चमध्ये हेडांवर बिलं विभागत बसलात की एकच बिल दोन ठिकाणी लागतं, आणि ही चूक कोणीही चूक म्हणून स्वीकारत नाही.

मुदतीचंही तसंच. या अभियानाची मुदत सप्टेंबर २०२४ मध्ये संपली. जुन्या हप्त्यातली शिल्लक पुढच्या महिन्यांच्या खर्चाला परस्पर लावली असेल, तर तो खर्च मुदतवाढीच्या लेखी आदेशाशिवाय उभा राहत नाही.

क्षमता पन्नासची, जागा तिसाची

या अभियानाच्या सूचनांमधला निकष माणशी ५० चौरस फुटांचा आहे. ५० जणांच्या निवाऱ्याला २,५०० चौरस फूट लागतात. हॉल १,५०० चौरस फुटांचा असेल तर क्षमता ३० धरावी लागते. ५० ची क्षमता दाखवून अनुदान घेतलं आणि तपासणीला आलेल्या माणसाने टेप लावली, तर वीस माणसांवरचा खर्च प्रश्नात येतो.

ही फुगवाफुगवी कुठून येते तेही समजून घ्या. निकषानुसार दर एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांच्या निवाऱ्याची सोय हवी. २०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिकेची लोकसंख्या १८,४१,४८८ होती आणि नवी मुंबईची ११,२०,५४७. म्हणजे त्या जुन्या आकड्यांवरही ठाण्यात १,८०० आणि नवी मुंबईत १,१०० जणांची सोय लागते. एवढी जागा उभी करणं अवघड, म्हणून आहे त्या हॉलवर आकडा चढवायचा मोह होतो. तो संस्थेने मान्य करू नये. करारावर सही करण्याआधी हॉलचं मोजमाप, नकाशा आणि तारखेचे फोटो फाइलला लावून ठेवावेत.

दुसरी गफलत मुक्काम रजिस्टरची. रजिस्टरमध्ये रात्री ४२ जण आणि सकाळच्या नाश्त्याचं बिल ६० प्लेटचं. केअरटेकरला विचारलं तर कारण अगदी रास्त असतं: स्टेशनबाहेरचे काही जण राहत नाहीत, पण सकाळी खाऊन जातात. हरकत नाही, पण मग त्यांची वेगळ्या पानावर नोंद हवी आणि हेडमध्ये तशी मुभा हवी. धुलाईच्या बिलात ७० चादरी आणि साठा नोंदवहीत ५५ असतील, तर उरलेल्या १५ कुठल्या, हा प्रश्न येणारच. लेखापरीक्षक रजिस्टर, बिल आणि साठा शेजारी शेजारी ठेवून वाचतो. तुम्हीही महिन्याच्या शेवटी एकदा तसंच वाचा, अर्धा तास पुरतो.

आधार कार्ड नाही म्हणून माणसाला दारातून परत पाठवणं, ही हिशेबाच्या भीतीपोटी होणारी सगळ्यात वाईट चूक. कागद मिळवून देणं हेच तर निवाऱ्याचं काम आहे. नाव, अंदाजे वय, कुठून आला, कोणी आणलं, अंगठा आणि तारीख, एवढ्यावर नोंद होते. फोटो घेतलात तर तो फाइलमध्येच राहू द्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका.

पावसाळ्यात आणखी एक गोंधळ होतो. सी-१ म्हणजे अतिधोकादायक ठरलेली इमारत रिकामी होते आणि ती कुटुंबं रात्रीपुरती निवाऱ्यात आणली जातात. आसरा जरूर द्यावा, पण त्यांचा खर्च बेघर निवाऱ्याच्या हेडवर टाकू नये. प्रभाग समितीचं पत्र घ्या, वेगळं रजिस्टर ठेवा आणि रक्कम महापालिकेकडे वेगळी मागा.

तीन केअरटेकर, एकवीस पाळ्या

आठ तासांची पाळी धरून तीन केअरटेकर, असा ढाचा मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे. आता आठवड्याचा हिशेब करा. दिवसाला ३ पाळ्या, सात दिवसांच्या २१. साप्ताहिक सुट्टी दिली तर तिघे मिळून १८ पाळ्या भरतात. उरलेल्या ३ कोण करतो? मस्टरवर (हजेरीपटावर) बहुतेक वेळा त्याच तिघांच्या सह्या सापडतात. कोणी सलग १६ तास काम केलेलं दिसतं, किंवा सुट्टीच्या दिवशीही हजर. पहिल्यात कामगार कायद्याचा प्रश्न, दुसऱ्यात मस्टर खोटं असल्याचा संशय. सुरुवातीलाच बदली माणूस ठरवा, त्याची रोजंदारी वेगळ्या व्हाउचरवर दाखवा आणि रकमेची तरतूद हेडमध्ये मागून घ्या.

पगार बँकेतूनच द्या. अंगठ्यावर रोखीने दिलेला पगार खरा असला तरी सिद्ध करताना दमछाक होते. आणि एकाच समन्वयकाचा पूर्ण पगार दोन प्रकल्पांवर लावू नका. अर्धा वेळ इथे, अर्धा तिथे असेल तर नियुक्तिपत्रातच टक्केवारी हवी आणि महिन्याची वेळनोंद तिच्याशी जुळायला हवी.

एका व्हाउचरवर काय असावं

कळव्याच्या रुग्णालयात रात्री एका आजारी माणसाला रिक्षाने नेलं, १४० रुपये झाले. रिक्षावाला बिल देत नाही. अशा वेळी छापील कॅश व्हाउचरवर लिहा: तारीख, वेळ, कुठून कुठे, रिक्षाचा नंबर, मुक्काम रजिस्टरमधला त्या माणसाचा अनुक्रमांक, केस पेपरचा नंबर, नेणाऱ्याची सही, मंजूर करणाऱ्याची सही. केस पेपरची झेरॉक्स जोडली की हा खर्च पक्का झाला. आजाराचं नाव लिहायची गरज नाही. "प्रवास खर्च – १४०" एवढंच लिहिलेलं व्हाउचर मात्र पहिल्याच तपासणीत बाजूला पडतं.

पाच हजारांवरच्या रोख पावतीवर १ रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प आणि त्यावर आडवी सही हवी. एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देऊ नका, आयकराच्या हिशेबात ती रक्कम धर्मादाय कामावरचा खर्च म्हणून धरली जात नाही. औषधांच्या दुकानातली आणि पेट्रोल पंपावरची थर्मल कागदाची बिलं पावसाळ्याच्या दमटपणात काही महिन्यांत कोरी होतात. त्याच दिवशी झेरॉक्स काढून मूळ बिलासोबत टाचा. प्रत्येक मूळ बिलावर शिक्का मारा: कोणतं अनुदान, कोणतं हेड, किती रक्कम. विजेचं बिल ९,००० रुपयांचं असून अनुदानातून ६० टक्के घ्यायचे असतील, तर शिक्क्यात ५,४०० लिहा आणि उरलेले ३,६०० कुठून दिले तेही. झेरॉक्स शिक्का मारल्यावरच काढा. एवढ्याने दुहेरी बिलाचा धोका जातो.

खरेदीत सर्रास होणारी चूक म्हणजे तुकडे पाडणं. शंभर ब्लँकेटं एकदम घेतली तर दरपत्रकं मागवावी लागतात, म्हणून पंचवीस-पंचवीसची चार बिलं, तीही एकाच दुकानाची आणि एकाच आठवड्यातली. मंजुरी किंवा दरपत्रक टाळण्यासाठी मागणीचे तुकडे करू नयेत, असं केंद्र सरकारच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत स्पष्ट आहे. तीन दरपत्रकं आणि एक तुलनात्मक तक्ता करायला दोन दिवस लागतात, तेवढे द्या. दरपत्रकं खरोखर वेगवेगळ्या दुकानांची असू द्या. तिन्हींवर एकच हस्ताक्षर असलं की सगळी खरेदी संशयात जाते.

कपाट, पंखा, लॉकर, गॅस शेगडी यांची नोंद डेडस्टॉक रजिस्टरमध्ये (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) करा आणि वस्तूवर रंगाने नंबर घाला. अनुदानातून घेतलेली मोडकी वस्तूसुद्धा परवानगीशिवाय भंगारात विकता येत नाही.

भाड्याच्या खोलीत पाठवताना

निवाऱ्यातून एखादं कुटुंब दिघ्याला, दिव्याला किंवा तुर्भे स्टोअरला खोली घेऊन राहायला जातं, तो या कामातला सगळ्यात मोलाचा दिवस. हिशेबाची घडी मात्र इथेच सगळ्यात जास्त विस्कटते.

निवाऱ्याच्या देखभालीच्या अनुदानात डिपॉझिट आणि भाडं बसत नाही. त्यासाठी वेगळा निधी आणि त्या देणगीदाराची लेखी मान्यता लागते. डिपॉझिट हा खर्चच नव्हे. २०,००० रुपये घरमालकाकडे ठेवले म्हणजे ते येणं आहे, ताळेबंदात येण्याच्या बाजूला दाखवायचं. खर्चात टाकलं तर खोली सोडल्यावर परत आलेले पैसे कुठे गेले, याचं उत्तर देता येत नाही. परत येणारं डिपॉझिट कुटुंबाचं की निधीचं, हे करारापूर्वीच लिहून ठेवा. मालकाच्या खात्यात थेट भरा, कुटुंबाच्या हातात रोख देऊन नंतर पावती मागू नका. पावती मिळाली नाही तर ते बिचारे मालकाशी भांडू शकत नाहीत.

भाडेकराराची नोंदणी महाराष्ट्रात बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी कायद्याने मालकावर आहे. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. हे पैसे बजेटमध्ये धरलेले नसतात, मग कच्च्या कागदावर करार होतो. त्या कागदावर पुढे पत्ता बदलता येत नाही आणि तपासणीत भाड्याचा पुरावाही ठरत नाही. एजंटची दलाली बजेटमध्ये वेगळी मंजूर नसेल तर ती संस्थेच्या स्वतःच्या पैशातून द्यावी लागते.

व्याज आणि उपयोगिता प्रमाणपत्र

अनुदानाच्या बचत खात्यावर जमा झालेलं व्याज तुमचं नाही. केंद्राच्या अनुदानाबाबत सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७ मधला नियम २३० सांगतो की हिशेब पूर्ण होताच ते सरकारी तिजोरीत भरायचं. "त्यातून चादरी घेतल्या" हे कारण चालत नाही. म्हणूनच अनुदानाचं खातं स्वतंत्र ठेवा, देणगीचे पैसे त्यात आले की व्याज वेगळं काढणं डोकेदुखी होते.

उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे अनुदान ठरलेल्या कामालाच खर्च झाल्याचा दाखला, नमुना १२-ए मध्ये, आर्थिक वर्ष संपल्यावर १२ महिन्यांच्या आत द्यायचं असतं. करारात यापेक्षा कमी मुदत असेल तर तीच पाळा. गेल्या वर्षीची अखेरची शिल्लक आणि यंदाची आरंभीची शिल्लक पैशासकट जुळली पाहिजे. कर्मचाऱ्याला दिलेली तसलमात (आगाऊ रक्कम), वीज मीटरचं आणि सिलिंडरचं डिपॉझिट खर्चात मिळवू नका. ३१ मार्चला लिहिलेला पण एप्रिलमध्ये वटलेला चेक बँक ताळमेळात दाखवा.

चूक होऊन गेली असेल तर

बिल हरवलं असेल तर दुकानदाराकडून दुय्यम प्रत घ्या आणि मूळ बिल कुठेही वापरलेलं नाही असं व्यवस्थापकाचं प्रमाणपत्र जोडा. खर्च चुकीच्या हेडवर पडला असेल तर वर्ष संपण्याआधी दुरुस्तीची नोंद करून महापालिकेला कळवा. उपयोगिता प्रमाणपत्रात आकडा चुकला असेल तर सुधारित प्रत द्या, जुनी परत मागू नका.

मुक्काम रजिस्टरची चार दिवसांची पानं कोरी राहिली असतील तर ती नंतर भरू नका. एकाच पेनाने एका बैठकीत लिहिलेलं पान ओळखू येतं आणि मग उरलेल्या खऱ्या पानांवरचाही विश्वास जातो. आजच्या तारखेचा खुलासा लिहा, त्या दिवसांची दूध-नाश्त्याची बिलं आणि केअरटेकरची डायरी जोडा. व्हाइटनर कुठेच नको, एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा आणि सही करा.

मर्यादेपेक्षा जास्त दिलेली रोख रक्कम मात्र दुरुस्त होत नाही. मागच्या तारखेची तुकड्यांची व्हाउचरं बनवू नका, ती रक्कम संस्थेच्या स्वतःच्या निधीवर घ्या. आक्षेप आला तर परिच्छेदाच्या क्रमानेच उत्तर द्या, प्रत्येक उत्तरासोबत पुरावा जोडून त्यावर पान क्रमांक टाका आणि पोच घेतलेली प्रत निवाऱ्याच्या फाइलमध्ये लावा. ऑफिसातली फाइल तपासणीच्या दिवशी निवाऱ्यावर पोचलेली नसते.